फट नसलेली पेटी

आमच्या सूनबाईला 'नाही' म्हणता येत नाही, हे मला तिच्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. आमचे हे पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलत होते, मुलगा ताटाकडे बघून उसासे टाकत होता, आणि ही म्हणाली, छान झालीय आई. वर आणखी वाढून घेतली. मी मनात म्हटलं, ही पोरगी एक तर पक्की बेरकी आहे, नाही तर अगदीच भोळी. ती दोन्ही नव्हती, हे कळायला मला जरा वेळ लागला.

घर कसं आहे तेही सांगते. मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उभी हयात काढलेली बाई. भट्ट्यांच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की मी प्रेमाने हाक मारली तरी माणूस दचकतो. आमचे हे सुतार. फट म्हणजे सुताराची अब्रू गेली, असं त्यांचं म्हणणं. दोन फळ्यांच्या जोडात नख शिरलं तर ते कपाट गिऱ्हाइकाला देत नाहीत, परत उकलतात. गिऱ्हाइकाने 'असं नको, तसं करा' म्हटलं की काम सोडून येतात. एकाने त्यांच्या कपाटाला कॅलेंडर अडकवायला खिळा ठोकला, तर हे आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत, जसा काही खिळा मीच ठोकला होता. अशा दोन तऱ्हेवाईक माणसांच्या मध्ये ही मुलगी 'हो आई, हो बाबा' करत वावरायची. मुलाचं काय, तो बापाच्या बाजूने अर्धा आणि आईच्या बाजूने अर्धा. त्याच्याकडून कुणालाच काही मिळत नाही.

सूनबाई कॉम्प्युटरवर खेळते हे मुलाने लग्न ठरतानाच सांगितलं होतं. मला वाटलं, खेळत असेल पत्ते-बित्ते. पुढे तिचं ऑफिस बंद पडलं आणि ती दिवसभर घरी राहायला लागली, तेव्हा एकदा जेवताना तिने नीट सांगितलं. पाच जणांचा संघ असतो. पाचही जण आपापल्या घरी बसून दुसऱ्या संघाशी खेळतात. चांगल्या संघाला बक्षिसं मिळतात, आणि संघ खेळाडूंना दरमहा पगार देतो. हे ऐकून मी घास तसाच हातात धरून बसले. खेळायचा पगार? पण असतो म्हणे. अशाच एका संघात एक जागा रिकामी होती, आणि कप्तानाने हिला दोनदा चाचणीला घेतलं होतं. दोन्ही वेळा ऐन मोक्याच्या क्षणी हिचा जुना लॅपटॉप अडकून बसला. कप्तान म्हणाली, तुझे हात चांगले आहेत, यंत्र भिकार आहे. एक शेवटची संधी देते. महिनाअखेरच्या रविवारी धड यंत्र घेऊन ये, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

"पण राहू दे," सूनबाई म्हणाली. "एवढा खर्च कशाला."

असं म्हणून ती ताटं उचलून आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. ताटं स्वच्छ झाली तरी नळ चालूच. मी आत जाऊन नळ बंद केला. रडत होती. मला रडणाऱ्या माणसाचा राग येतो, कारण मग मलाही रडू येतं. नव्या शेगडीसाठी बाजूला टाकलेले पैसे मी तिच्या हातात कोंबले आणि म्हटलं, हे आणि तुझे साठवलेले, एवढ्यात बसव. वर एक पैसाही मिळणार नाही. आणि दुकानात मी येणार.

मी जाणारच होते. कॅन्टीनची खरेदी इतकी वर्षं मी केली, मला गंडवणारा अजून जन्मायचाय.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान म्हणजे एक लांबट बोळ होता. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, आणि शेवटी एका उंच स्टुलावर दुकानदार. हा माणूस बोलतच नव्हता. काही विचारलं की मान हलवायचा, नाही तर कॅल्क्युलेटर आपल्याकडे वळवायचा. मी त्याचं नाव तिथेच मौनीबाबा ठेवलं. सूनबाई मात्र त्या दुकानात शिरली आणि वेगळीच झाली. मला वाटलं होतं की कॉम्प्युटर म्हणजे एक डबा असतो आणि तो विकत घ्यायचा. तिने समजावलं की तयार घेतला तर महाग पडतो आणि आत काय कोंबलंय ते कळत नाही. आपण एकेक भाग निवडायचा आणि घरी जोडायचा. पैसे मोजकेच आहेत, म्हणून आधी ठरवायचं की कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आखडायचा.

सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक कार्डाला, कारण खेळातलं चित्र तेच काढतं. नवीन कार्ड आमच्या आवाक्यात नव्हतं. तेव्हा तिने मागच्या वर्षीचं, कुणीतरी वापरून परत केलेलं कार्ड मागितलं, पंखे बोटाने फिरवून पाहिले, खाली वाकून कान लावला, दुकानातच चालवून दाखवायला लावलं. प्रोसेसर, म्हणजे त्याचं डोकं, तिने एक पायरी खालचं घेतलं. म्हणाली, या खेळाला एवढी अक्कल पुरते. रॅमची एक मोठी पट्टी घेण्याऐवजी दोन लहान घेतल्या, दोन हातांनी काम भराभर होतं म्हणून. मला रंगीत दिवे लागणारी पट्टी आवडली होती. दिव्यांनी खेळ जलद चालतो का, असं मी विचारलं, तर मौनीबाबाने पहिल्यांदाच ओठांच्या कोपऱ्यातून हसून मान नकारार्थी हलवली. मग दिव्यांची पट्टी परत खोक्यात गेली.

आता घासाघीस माझ्याकडे. माझी पद्धत ठरलेली आहे. भाव ऐकायचा, हसायचं, पिशवी उचलायची आणि पाठ फिरवून चालू लागायचं. दारापर्यंत पोचायच्या आत विक्रेता हाक मारतोच. मी बोळातून ताठ मानेने दारापर्यंत गेले. हाक नाही. दाराबाहेर गेले. हाक नाही. रस्त्यावर थोडा वेळ उभी राहिले, समोरच्या दुकानातल्या बादल्या बघितल्या, आणि मुकाट्याने परत आत आले. मौनीबाबाने कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. आकडा तोच होता.

चिडून मी म्हटलं, मग हा पॉवर सप्लाय स्वस्तातला घे. नुसता विजेचा डबा तर आहे, तो काय खेळणारे? सूनबाईचा चेहरा पडला. तिने तोंड उघडलं, मिटलं, जमिनीकडे बघितलं आणि म्हणाली, हो आई. मौनीबाबाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसातलं त्याचं एकमेव वाक्य बोलला, "त्यात कंजुषी कराल तर बाकीचं सगळं जाळून घ्याल." चांगला पॉवर सप्लाय घेतला. घरी येताना मी तिला विचारलं, तुला माहीत होतं ना? मग मला बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही पैसे दिलेत आई, तुम्हाला कसं बोलू? मला त्या क्षणी तिला दोन धपाटे घालावेसे वाटले आणि जवळही घ्यावंसं वाटलं. रस्त्यात गर्दी होती, म्हणून दोन्ही राहिलं.

एवढं करून पैसे संपले आणि एक वस्तू राहिली, ती म्हणजे कॅबिनेट. सगळे भाग ज्यात बसवायचे ती पेटी. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर खोकी पसरून तोंडं पाडून बसलो होतो. त्यांनी विचारलं, घोडं अडलंय कुठे? पेटीवर, असं मी सांगितलं. पेटी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. लोक आता तयार फर्निचर आणतात, चार स्क्रू पिळले की कपाट उभं. ह्यांच्याकडे हल्ली दाराच्या कडा तासायची नाही तर मोडका पाट दुरुस्त करायची कामं येत होती. आणि इथे खुद्द घरात कुणाला तरी पेटी हवी होती.

"पेटी विकत आणायची?" ते म्हणाले. "या घरात?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. आम्ही तोवर जेवणाच्या टेबलावर सगळे भाग जोडले. मुलगा स्क्रू धरायला, मी हात पुसून उभी, आणि सूनबाई प्रोसेसर बसवताना श्वासच घेईना. तिचं बघून मीही श्वास धरला आणि मला ठसका लागला. सगळं जोडून बटण दाबलं, पंखे फिरले, आणि मुलाने मागून आणलेल्या जुन्या मॉनिटरचा पडदा काळा. पुन्हा दाबलं, काळाच. मुलगा म्हणाला, वापरलेलं कार्ड घेतलं ना, बसा आता. माझी शेगडी डोळ्यांसमोर नाचायला लागली. सूनबाईने घाम पुसत सगळं उलटं तपासत नेलं, आणि शेवटी पडद्याची वायर हातात धरून माझ्या लेकाकडे बघितलं. त्याने ती कार्डात खोचायच्या ऐवजी शेजारच्या भोकात खोचली होती. वायर बदलली आणि पडदा उजळला. आम्ही तिघं टेबलाभोवती असे नाचलो की खालच्या मजल्यावरून काठीने ठोकल्याचा आवाज आला.

पेटी आली तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा झालो. एवढीशी वस्तू, पण काय काम होतं! कोपरे एकमेकांत असे गुंतवलेले की जोड शोधावा लागे. एका बाजूला सरकती फळी, ती खाचेत सरकताना बारीक उसासा टाकायची आणि घट्ट बसायची. वायरी बाहेर काढायला मागे एकच भोक, तेही वायरींच्या मापाचं. नख काय, धुळीचा कणसुद्धा शिरायला जागा नव्हती. हे पेटीवरून हात फिरवत म्हणाले, धूळ यंत्राची वैरी, आता ती आत जाऊन दाखवू दे. आणि सूनबाईकडे बघत उभे राहिले.

सूनबाईने पेटी सगळीकडून पाहिली. पुढून, मागून, वरून. मग म्हणाली, "खूप सुंदर आहे बाबा."

खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते मला चार दिवसांनी कळलं. दुपारी मी तिच्या खोलीत वाळलेले कपडे ठेवायला गेले तर पेटी कोपऱ्यात रिकामी, फळी बंद, वर माझीच उशी. आणि कॉम्प्युटर इस्त्रीच्या टेबलावर उघडाबोडका पसरलेला, पंखे गरगर फिरताहेत, आणि ही खेळतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाने आठवडा घालवून केलेली वस्तू हिने अडगळीत टाकली! मी जे बोलायला सुरुवात केली ते सगळं इथे सांगत नाही. तिने ऐकून घेतलं. मग सगळं उचलून पेटीत बसवलं, फळी लावली, खेळ सुरू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. तो कार्डाचा ताप होता. बघता बघता चढत गेला. नव्वदच्या वर गेल्यावर खेळ अडखळू लागला, माणसं पडद्यावर उचक्या दिल्यासारखी चालू लागली, आणि मी पेटीला हात लावला तर गरम कुकरला लावल्यासारखं झालं.

"याला वारा लागतो आई," ती म्हणाली. "पुढून आत यायला, मागून बाहेर जायला. भोकं लागतात, मोठी."

मी कपाळाला हात लावला. सगळं आयुष्य भट्टीसमोर गेलेली बाई मी, आणि बिनधुराड्याची भट्टी बघून 'वा वा' म्हणत होते. मी विचारलं, मग ह्यांना सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, बाबा त्या दिवशी शीळ घालत घरी आले होते.

ते खरं होतं. पेटी केल्यापासून हे शीळ घालत होते. आता सांगायचं कुणी? मी सांगायचं ठरवून दोनदा त्यांच्यासमोर गेले, मी, जी कारखान्याच्या मॅनेजरला वाढणीच्या डावाने धमकावून आलेय. दोन्ही वेळा त्यांनी मला पेटीच्या कोपऱ्याचा जोड कसा केला ते समजावलं, आणि मी मूग गिळून परत आले. शेवटी आम्ही ठरवलं, रविवारची चाचणी होऊन जाऊ दे, मग बघू. तोवर हे कामावर गेले की यंत्र बाहेर, आणि यायची वेळ झाली की आत. मुलाला खिडकीत बसवायचं, त्यांची सायकल दिसली की त्याने खोकायचं. एकदा त्याला खरोखरच खोकला झाला, त्या संध्याकाळी आमची जी पळापळ झाली ती विचारू नका.

रविवारी दुपारी ह्यांची मित्राकडे फेरी असते. चाचणी तीनला. आम्ही निर्धास्त होतो. जेवण झालं, ह्यांनी हात धुतले, आणि पायात चपला घालण्याऐवजी खुर्ची उचलून सूनबाईच्या खोलीत नेली.

म्हणाले, आज पोरीची परीक्षा आहे, मी कुठे जातोय? एवढंच नाही, सकाळी आमच्या नकळत त्यांनी पेटीला पॉलिशचा एक हातही मारून ठेवला होता, खास आजच्यासाठी. पेटी आरशासारखी चमकत होती. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं, मी मुलाकडे पाहिलं, मुलाने छताकडे पाहिलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी म्हटलं, फळी थोडी उघडी राहू दे, बरी दिसते. हे म्हणाले, धूळ जाईल, आणि उठून फळी शेवटपर्यंत सरकवली.

तीन वाजले. सूनबाईने कानांवर हेडफोन चढवले, आणि पहिल्यांदाच मी तिला खेळताना समोर बसून पाहिलं. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण माणूस आपल्या कामात मुरलेला असतो तेव्हा तो कसा दिसतो हे मला कळतं. पाठ ताठ, नजर एका जागी, बोटं मात्र सगळीकडे. ती मोजक्या शब्दांत बाकीच्या चौघांना सांगत होती, डावीकडून दोघे येताहेत, तू थांब, तू वर जा. आणि पलीकडची माणसं ऐकत होती. हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, अगं, ही आपलीच का?

पहिला डाव तिचा संघ जिंकला. दुसरा हरला. तिसऱ्यावर सगळं ठरणार होतं. आणि माझं लक्ष आता खेळावर नव्हतंच, कोपऱ्यातल्या आकड्यावर होतं. ऐंशी. पंच्याऐंशी. खोलीत पॉलिशचा वास सुटायला लागला. ह्यांनी खोल श्वास घेऊन तो कौतुकाने छातीत भरून घेतला. नव्वद. पडद्यावरचं एक माणूस अडखळलं. सूनबाईच्या कपाळावर घाम आला. मी पदराआडून फळी हळूच सरकवायला गेले, तर फळी हलेना. आतून तापून ती वाकली होती आणि खाचेत आवळून बसली होती. मुलाने जोर लावला, तरी हलेना. हे दचकून म्हणाले, काय चाललंय तुमचं? मी म्हटलं, काही नाही. अजूनही मी 'काही नाही'च म्हटलं बघा. पडदा पुन्हा अडकला, या वेळी जास्त वेळ. तिच्या संघातले दोघे पडले होते.

तेव्हा सूनबाईने एक कान उघडा केला. नजर पडद्यावरून हलवली नाही. आवाज चढवला नाही, पण त्यात मागेपुढे बघणंही नव्हतं.

"बाबा, तुमची पेटी चुकलीये. आत वारा नाही, यंत्र गुदमरतंय. मागची पाठ फोडा. आत्ता."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत केली नाही. खिळ्यासाठी आठवडाभर अबोला धरणारा माणूस, त्याला सुनेने तोंडावर सांगितलं, तुमची पेटी चुकलीये. मला वाटलं, आता खुर्ची मागे सरकेल आणि दार आपटेल.

खुर्ची सरकली. ते बाहेर गेले आणि पटाशी आणि लाकडी हातोडा घेऊन आत आले. पेटीमागे गुडघ्यांवर बसले, पाठीवरून एकदा अंगठा फिरवला, आणि कडेच्या खाचेत पटाशी टेकवून एकच घाव घातला. दुसरीकडे कुठेही मारलं असतं तर आतलं सगळं हादरलं असतं. पण ती पेटी कुठून सुटेल हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पाठ लांबलचक चिरली. त्यांनी बोटं घालून तिचे दोन्ही तुकडे ओढून काढले, आणि मागून गरम हवेचा असा लोट आला की ते मागे सरकले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"पुढचीही," सूनबाई म्हणाली.

त्यांनी पुढचीही काढली. मी धावत जाऊन स्वयंपाकघरातून माझा कॅन्टीनमधला जुना पुठ्ठा आणला, त्याने मी पूर्वी भट्टीला वारा घालायचे, आणि पेटीसमोर बसून जीव खाऊन वारा घालू लागले. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. ऐंशी. पडद्यावरची माणसं पुन्हा पाण्यासारखी धावू लागली. तोवर तिच्या संघातले बाकीचे दोघेही पडले होते, सूनबाई एकटी उरलेली होती आणि समोर तिघे. पहिला पडला. दुसरा पडला. तिसऱ्याच्या वेळी मी डोळे मिटून घेतले, हात मात्र थांबवला नाही. डोळे उघडले तेव्हा मुलगा पलंगावर उभा राहून ओरडत होता.

मग बराच वेळ ती हेडफोनमधून कुणाचं तरी ऐकत राहिली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "घेतलं. एक तारखेपासून."

मी पुठ्ठा फेकला आणि तिला मिठी मारली, आणि हो, मी रडले, मोठ्याने रडले, मला हळू काही येतच नाही. मुलाने दोघींना मिळून कवटाळलं. खालून पुन्हा काठीचे ठोके आले, मी पाय आपटून उत्तर दिलं.

हे मात्र अजून जमिनीवरच होते. पेटीची फुटलेली पाठ त्यांच्या मांडीवर होती आणि ते आतल्या पंख्यांकडे एकटक बघत होते. आमचा आनंद हळूहळू ओसरला. सूनबाईचा चेहरा उतरला. ती त्यांच्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. मी असं बोलायला नको होतं. पेटी खरंच—"

"वारा कुठून येतो म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आत कुठून येतो, बाहेर कुठून जातो, नीट दाखव. नवी करतो."

सवयीने तिच्या तोंडून 'राहू दे' निघालंच होतं, मला दिसलं ते. तिने ते गिळलं. मग बोट पुढे केलं. म्हणाली, पुढून खालच्या बाजूने येतो, मागून आणि वरून जातो. पुढे जाळी हवी, सगळीच्या सगळी. फळी हलकी हवी, ही मला उचलवत नाही. बटण या बाजूला हवं, मी डावखुरी आहे. आणि बाबा, पॉलिश नको, डोकं दुखतं.

गिऱ्हाइकाचं एक वाक्य ऐकून न घेणारा माझा नवरा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. ती थांबली तेव्हा म्हणाला, "आणखी सांग."

संसारात इतकी वर्षं काढली, मला त्यांनी 'आणखी सांग' कधी म्हटलं नव्हतं. लोखंड तापलंय तोवर घाव घालावा, म्हणून मीही खुर्ची ओढली आणि सुरू केलं, की हे बघा, स्वयंपाकघरातलं ते वरचं कपाट, लग्नापासून माझा हात पोचत नाही तिथे, आणि त्याचं दार—

"आई, तुम्ही जरा थांबा," सूनबाई म्हणाली. "माझं अजून संपलं नाहीये."

आणि मी थांबले.